पाटली पालथी करून बघ

मठ, वाईजवळ
१४ जून २०२५

ति. शालूअक्काच्या पायावर धाकट्या आकारामचा दंडवत. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. फोन मठात जमा केलाय, म्हणून तुझ्या दारात पोस्टमन. ऋषिराजनं तुला फोन करून सांगितलंच आसंल, की बापानं घर सोडलं. पोरगं उगं वाढवून सांगतंय. मी महिन्याच्या अनुष्ठानाला आलोय.

तुझी वयनी गेल्यापास्नं घर खायाला उठतंय, हे तुझ्यापास्नं का लपवू? उसाला पाणी पाजतानाबी एकच इचार, ती आता कुठं आसंल. हितल्या महाराजांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की ती सुखात हाय, त्यास्नी दिसती. अक्का, सुभेदार म्हणून रिटायर झालेला मानूस चारशे लोकांम्होरं ढसाढसा रडला.

१० जुलैला गुरुपौर्णिमा. त्या दिवशी अनुग्रह. अनुग्रह घेताना एक गोष्ट सोडायची हितली रीत हाय. कुणी वांगं सोडतं, कुणी तंबाखू. मला शुगरची सुई सोडायला सांगितलीय. सुईवरचा भरवसा सुटल्याबिगर गुरूवर बसत न्हाई, आसं त्यांचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षं फौजेत हुकूम मानला, कवा सवाल केला न्हाई. मग हितं कशाला करू? तू फकस्त आशीर्वाद दे.

तुझी माया हाय तशी आसू दे.
तुझा, आकाराम

विटा
१९ जून

चि. आकारामास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आन् दोन्ही वेळा तुझा कान पिळावासा वाटला. आपल्या आप्पांचं शुगरनं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग आप्पा. दवाखान्यातनं त्यास्नी आणताना स्ट्रेचरची एक बाजू तू धरली हुतीस. शुगर काय करती हे मी तुला सांगायचं व्हय?

आन् फौजेचं मला सांगू नकोस. भरतीच्या वक्ताला डॉक्टरनं तुला लंगोटावर हुबा करून दात मोजले हुते. तुझी तपासणी झाली तवा तुला राग आला न्हाई. मग महाराजांची तपासणी केली तर त्यास्नी का यावा?

तुझ्या दाजींनी सेलमला तीस वर्षं गलाईचं, म्हंजी सोनं गाळायचं, दुकान चालवलं. मी शेजारी बसून बघायची. गिऱ्हाईक पाटलीचा चकाकता काठ म्होरं करायचं. हे गोड बोलून ती पालथी करायचे आन् आतल्या अंगाला, जिथं जोड आसतो, तितनं नमुना घ्यायचे. वितळवायच्या आधी बघायचं. एकदा वितळलं की मग कुणाशी भांडणार?

महाराजांचा तू चकाकता काठ बघितलायस. आता पालथं करून बघ. भट्टीघरात, म्हंजी मठाच्या सैपाकघरात, सेवा मागून घे आन् भांडी घास. भांडी घासणाऱ्याला समदं दिसतं. ते चिडल्यावर कसं बोलतात, सोडून गेलेल्या माणसांचं नाव कसं काढतात, आपलं चुकलं म्हणतात का, एवढं बघ. त्यातनं खरे उतरले तर मी सोता नारळ घिऊन यीन. मातर तवर सुई सोडलीस तर मला अक्का म्हणू नकोस.

मी रागात हाय, पण आशीर्वाद रागात न्हाईत.
तुझी, शालूअक्का

मठ, वाईजवळ
११ जुलै

ति. अक्काला आकारामचा कडक सॅल्यूट. वि. वि.

काळजी करू नकोस. सुई घिऊनच लिवाय बसलोय.

तू सांगितलंस तशी बारा दिवस भांडी घासली. खरं सांगतो, तुला खोटं पाडायलाच गेलो हुतो. परवा सांजच्याला रंगूबाई म्हणून हितल्या सैपाकिणीनं मला दुधाचं पातेलं फ्रीजात ठेवाय सांगितलं. दह्याच्या गाडग्यामागं डबा दिसला. डब्यात सुई. माझीच कंपनी, माझंच औषध. मी इचारलं, ही कुणाची? ती बाई बिचारी सरळ मनाची. म्हणाली, की महाराजांची, दिवसातनं दोनदा मीच निऊन देती. अक्का, मी पातेलं खाली ठेवलं आन् डब्यावरचं नाव पुन्यांदा वाचलं.

काल अनुग्रहाची माझी पाळी आली. हात जोडून मी म्हटलं, की महाराज, सुई सोडायला मी तयार हाय, पण तुमच्यासंगट. फ्रीजातली तुमची आज तुमी सोडा, माझी मी सोडतो. महाराज म्हणाले, की शिष्यांचे भोग ते अंगावर घेत्यात. मी म्हटलं, भोग तुमी घेतला तर माझी शुगर आजून तीनशे कशी? बायकांच्या बाजूनं पहिलं हसू आलं. मी रंगूबाईचं नाव घेतलं न्हवतं, पण ती माऊली आपनहून उठली आन् सुई तीच देती म्हणून सांगितलं.

मग एकेक मानूस उठत गेलं. सतरा जणांनी जमा केलेले फोन आन् सोडायला लावलेल्या गोळ्या परत मागितल्या. एका म्हातारीनं तर माझीच दृष्ट काढली. दाजींची लय आठवण आली.

उद्या मठ सोडतोय. पण अक्का, ती कुठं आसंल हे आता कुणाला इचारू? सकाळपास्नं तेवढंच डोक्यात हाय.

लळा लावलास तो तोडू नकोस.
आकाराम

वाई
३ ऑगस्ट

ति. अक्कास दंडवत. वि. वि.

फोन हातात हाय, तरी पत्रच लिवतोय. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस.

मठ सोडल्यावर घरी जायच्या आधी वाईच्या घाटावर बसलो हुतो. तिथं नानासो म्हणून रिटायर मास्तर रोज सकाळी पोथी वाचत्यात. ऐकायला सा-सात माणसं, त्यात दोन पेंगत आसत्यात. तवापास्नं दर रविवारी यष्टीनं येतोय. आज धीर करून इचारलं, की माझी बायको आता कुठं हाय. ते म्हणाले, की मला ठाऊक न्हाई. आन् माझा हात धरून बसले. कसं सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती हलकी झाली.

मी अनुग्रह मागितला. न्हाई म्हणाले. त्यांचं म्हणणं, वरीसभर ये, मला पारखून घे, सुई चुकवू नकोस आन् माझ्या सूनबाईला इचारून ये की मी कसा हाय. अक्का, हे काम माझ्यानं व्हायचं न्हाई. तू यशील?

वाट बघणारा, आकाराम

विटा
२४ ऑगस्ट

चि. आकारामास आशीर्वाद, आन् पाठीवर एक शाबासकीची थाप.

गुरुवारी तुला न सांगता वाईला जाऊन आले. मास्तरांच्या सूनबाईचं नाव प्रियदर्शिनी, शाळेत शिकवती, तोंडाची फटकळ. मला लय आवडली. ती म्हणाली, की सासरे तापट हायत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमटी खारट झाली म्हणून ताट ढकललं हुतं. पण दुसऱ्या दिवशी चार माणसांत तिला हात जोडले, आन् चौदा वर्षं झाली, सकाळची आमटी ते सोता करत्यात. मी तिथं जेवले. आमटी आळणी हुती, आन् तसं ते सोताच म्हणाले.

बाळा, पालथं करून बघितलं. जोड हाय, पण झाकलेला न्हाई. सोनं हाय.

निघताना मीबी मास्तरांना इचारलं, की आमचे हे गेले, ते आता कुठं आसतील. तेच उत्तर मिळालं. येताना यष्टीत मी चार वर्षांनी मोकळी रडले, आन् विट्याला उतरले ती हसतच.

तर आता वरीसभर नेटानं जा. म्होरल्या गुरुपौर्णिमेला दोन नारळ घे. एक माझ्या नावचा.

सुई घेतलीस का, एवढं उलट टपालानं कळव.
तुझीच, शालूअक्का