ईशूला चालेल असा टॅब

१२ जाने.
काल दुपारी ईशू सापडेना. मी रोपवाटिकेतून आले तर खोलीचं दार उघडं, चपला जाग्यावर नाहीत. हाक मारली. परत मारली. मग शेजारच्या बायका पण हाका मारायला लागल्या. कुणी ताटली वाजवत होतं, कुणी डबा. खोलीमागं ऊस. उसात बिबट्या असतो हे वारूळवाडीत कुणी कुणाला सांगत नाही, नुसतं जोरात ओरडत राहतात.
सापडली. बांधापलीकडच्या चरीत बसलेली, पाय ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या वेटोळ्यात अडकलेला. आम्ही तिच्यापासून अंगणाइतक्या अंतरावर उभ्या होतो. ती आमची हरेक हाक ऐकत होती.
शेजारची शालूताई म्हणाली, "अगं, एक आवाज द्यायचा ना." म्हणाली आणि मग तिच्याच लक्षात आलं. पदर तोंडाला लावला तिनं.
गेल्या श्रावणातल्या तापानं वाचा गेली पोरीची. डोक्यात शिरला ताप. उजवा हात अर्धा गेला. समजतं सगळं, अकरा वर्षांच्या पोरीला समजावं तेवढं. पण आवाज नाही. घशातून नुसती हवा येते.

१३ जाने.
कामावर लक्ष नाही. ट्रे भरताना कोकोपीट सांडत होते, मुकादम बघून गेला.
जेवणाच्या सुट्टीत पुण्याच्या मॅडमना फोन केला. ईशूच्या वाचेवर उपचार त्याच करतात. चरीचं सांगितलं. म्हणाल्या, आता टॅब बघू. चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलतो असं ॲप असतं.
मी म्हटलं, कुठला घेऊ?
"ते मला नका विचारू, ईशूच्या हाताला विचारा."
ह्यांना सांगितलं. हे टोमॅटोची गाडी खाली करून आले होते, अंगाला वास तसाच. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "मशीन बोलाय लागलं की तिची जीभ कायमची गप बसंल. मग?"
मग काय. मला काय माहीत मग काय.

१४ जाने.
मॅडमना तेच विचारलं. म्हणाल्या, टॅबनं बोलणं थांबत नाही, काही मुलांना उलट आधार होतो. "पण त्यामुळं बोलेलच असं मी म्हणणार नाही हं."
ह्यांना पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं नाही सांगितलं.

१८ जाने.
नारायणगावात दुकानात. ईशूला घेऊन गेले. दुकानवाल्या भाऊंनी मुलांचा टॅब काढला, जाड रबराचं कव्हर, कान असलेलं, निळं. "वहिनी, पोरांना सगळे हाच नेतात. पडला तरी फुटत न्हाई." गेम लावून दिला.
मी म्हटलं, गेम नको. बोलणारा पाहिजे. त्यांना कळेना. मग मी ईशूकडं बोट दाखवून सांगितलं, तिच्यादेखत सांगावं लागलं. ती कव्हरचे कान दुमडत उभी होती.
भाऊ भला माणूस. मराठी आवाज लावून बघितला. माझ्या सासरच्या गावाचं नाव "तळेघर" लिहिलं तर ते "तलेघर" म्हणालं. "बाळ" लिहिलं तर "बाल". ईशूनं माझ्याकडं बघितलं. तिला ळ नीट म्हणता यायचा, पहिलीपासून.
बाहेर उन्हात नेऊन बघितला तर पडद्यावर आमचीच तोंडं दिसायला लागली. चित्र काहीच दिसेना. परत दिला.
येताना तिनं रस्ताभर माझा हात धरला नाही.

२२ जाने.
शाळेतून फोन. ईशू एका मुलीला चावली.
गेले. ती मुलगी तिच्यासारखं तोंड उघडून दाखवत होती म्हणे. हे दुसऱ्या एका पोरीनं सांगितलं, ईशू कुठून सांगणार. बाई म्हणाल्या, "थोडे दिवस घरी ठेवता का? तिलाच त्रास होतोय हो." वाईट मनानं नव्हत्या म्हणत. म्हणून भांडता पण आलं नाही.
घरी ठेवायचं म्हणजे कुठं? मी कामावर, हे गाडीवर. मागं ऊस.

२३ जाने.
आजपासून कामावर सोबत नेते. शेडनेटच्या सावलीला बसते. रोपांकडं बघत. दिवसभर.

२६ जाने.
खोडदला दादाकडं. माझा थोरला भाऊ. त्याच्या सिद्धीचा अभ्यासाचा टॅब आहे, मोठा, तो वापरून बघायला मागितला. अंगणातून आकाशातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या अँटेना दिसतात, ईशू आधी नेहमी मामाला विचारायची आत्ता काय ऐकू येत असंल तिला. आज दादाच म्हणाला, "ईशे, काय ऐकू येत असंल गं?" आणि मग त्याचा चेहरा पडला.
टॅबचं काही जमलं नाही. मांडीवरून घसरतो, जड आहे. डाव्या हाताचं बोट ठेवते पण बोट थरथरत पुढं सरकतं. टॅबला वाटतं पान उलटलं. 'पाणी' दाबायला जावं तर रंगांचं पान. मग प्राण्यांचं. मग कुठलंच नाही. तिनं तळहातानं पडद्यावर मारलं. सिद्धी रडायला लागली, टॅब फुटेल म्हणून. वहिनीनं टॅब उचलून आत ठेवला. साहजिक आहे.
परतीच्या गाडीत ईशू खिडकीला तोंड लावून. मी देवाला काही मागितलं नाही. मागायचं तरी काय, बोट थरथरू देऊ नको, एवढंच?

२ फेब्रु.
पुणे. मॅडमनी टॅब काढलाच नाही. पुठ्ठा काढला, त्यावर चौकोन आखलेले. ईशूला म्हणाल्या, माझ्या हाताकडं बघ आणि मी म्हणीन तिथं बोट ठेव. कितीतरी वेळ तेच. बोट कुठं पडतं, कुठं घसरतं, खूण करत गेल्या.
मी अर्ध्यातच विचारलं, पुठ्ठाच चालेल मग?
"घरी चालेल. पण पुठ्ठ्याकडं कुणी बघितलं तरच तो बोलतो. चरीत कोण बघणार होतं?"
तर असं ठरलं. फार मोठा नको, गळ्यात पट्ट्यानं अडकवता आला पाहिजे. चौकोन मोठे, थोडेच. बोट जरा वेळ ठेवल्यावरच शब्द निघावा, ती सोय टॅबमध्येच असते, लावून घ्यायची. वरून भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे बोट खाचेत बसतं. उन्हात दिसला पाहिजे. आवाज मोठा पाहिजे, हे मॅडम नाही, मी म्हटलं.
निघताना त्या ईशूला म्हणाल्या, "तू काय म्हणतेस? घ्यायचा?"
ईशूनं खांदे उडवले. पहिल्यांदा कुणी तिला विचारलं असेल.

८ फेब्रु.
घेतला. परवा, भाऊंच्याच दुकानातून. त्यांनी दुकानाबाहेर उन्हात स्टुलावर बसवून ईशूला एकेक हातात दिला. काळा, मध्यम. हिनं धरून ठेवला तोच घेतला.
दोन दिवस वापरतेय. 'पाणी.' 'भूक.' 'नको.' नको लई वेळा. ळ अजून चुकतो. चालेल. मला काहीही चालेल.
हे लांबून बघतात. टॅब बोलला की उठून बाहेर जातात.

१५ फेब्रु.
तळेघर. धाकट्या दिराचं लग्न. घोडेगावच्या पुढं गाडी चढाला लागली तसा मोबाईलचा टॉवर गेला, माझ्या ध्यानातच नाही आलं.
मांडवात सगळे भावकीतले. चुलतसासूबाई ईशूच्या पुढ्यात बसल्या. "हे मशीन बोलतं म्हणं? बोल की बाई माझ्याशी." पोरं गोळा झाली. ईशूनं केस मागं घेतले, पट्टा नीट केला. मला वाटलं हिनं काहीतरी ठरवून ठेवलंय. बोट खाचेत ठेवलं.
काही नाही. नुसतं गोल फिरतंय.
परत ठेवलं. गोल. ती माझ्याकडं बघतेय, मी टॅबकडं. पोरं हसली नाहीत, खरं सांगायचं तर. पण सरकली एकेक. चुलतसासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. रेंज न्हाई इथं." आणि तिच्या गालावरून हात फिरवला.
ईशूनं पट्टा गळ्यातून काढला आणि टॅब तांदळाच्या पोत्यांमागं ठेवून दिला. अक्षता पडल्या तेव्हा ती तिथंच उभी, पोत्यांकडं पाठ करून.
हे म्हणाले, "बघ." एवढंच.
तिला दोनदा मुकी केली. एकदा तापानं, एकदा मी.

१६ फेब्रु.
परतीला गाडीत मागं ईशू झोपलेली. ह्यांना म्हटलं, एकदाचं बोला काय ते. तुम्हाला नेमका राग कशाचा आहे?
बराच घाट उतरलो. मग म्हणाले, "राग न्हाई. तिचा आवाज माझ्या कानात हाये अजून. ते मशीन बोललं की त्यो जातो. तेवढ्यापुरता जातो. मग परत आणावा लागतो."
मोबाईलमध्ये तिचा जुना व्हिडिओ आहे, नागपंचमीचा, ताप यायच्या आधीचा. माल खाली होईपर्यंत मार्केटमध्ये बसून बघतात म्हणाले. मला माहीत नव्हतं. मी तर तो व्हिडिओ अजून एकदाही लावला नाही. जमतच नाही.
तुमच्या कानातला आवाज राहावा म्हणून तिनं गप राहायचं, असं आहे का, असं ओठांवर आलं होतं. नाही बोलले.

१९ फेब्रु.
टॅबला हात लावत नाही. पुठ्ठ्याला पण नाही. शेडनेटखाली बसते आणि बघते. आज मी जेवण वाढलं तर तोंडच उघडलं नाही. भूक नाही की राग आहे की दुखतंय. काय विचारू? मान हलवणंसुद्धा बंद केलंय.
ट्रे धुवायच्या हौदाजवळ उभी राहून रडले. नळ सोडून.

२१ फेब्रु.
मॅडमना फोन. चूक कुणाची ते नाही विचारलं त्यांनी. आवाज नेटवरून येत होता, तो टॅबमध्येच उतरवून घ्यायचा. नेट बंद करून सगळे शब्द दाबून बघायचे आणि मगच घराबाहेर न्यायचा. शिवाय शब्द आपण आपल्या माणसाच्या आवाजात भरू शकतो.
भाऊंच्या दुकानात जाऊन उतरवून घेतला. नेट बंद केलं. सगळे शब्द दाबले. बोलतो.
मग दुपारी माझ्या आवाजात भरले. ळ सगळे बरोबर. लई बरं वाटलं मला. ईशूला लावून दाखवले.
'मला भूक लागली', माझा आवाज. 'मला खेळायचंय', माझा आवाज.
तिनं टॅब माझ्याच मांडीवर ठेवला. खरंय. मीच तर बोलत होते तिच्यासाठी, इतके महिने.

१ मार्च
खोडद. वहिनीनंच बोलावलं. आपल्या माणसाच्या आवाजात शब्द भरता येतात हे मॅडमचं मी सिद्धीला सांगितलं होतं फोनवर. सिद्धी ईशूपेक्षा थोडी मोठी, आवाज बारीक. दोघी गोठ्याच्या पायरीवर बसल्या. सिद्धी म्हणाली, "आत्या, तू जा. आमी करतो."
लांबून बघत होते. सिद्धी एक शब्द म्हणायची, ईशू ऐकून मान हलवायची, नको. परत. परत. मग हो. कुठला शब्द ठेवायचा तेही ईशूच ठरवत होती, सिद्धीला चित्रं दाखवून, हवेत अक्षरं काढून. एकदा दोघी हसल्या. ईशूचं हसू बिनआवाजाचंच, पण खांदे हलत होते.
काय भरलं ते मला दाखवलं नाही. दादा म्हणाला, "असू दे गं. पोरींचं असतं काय काय."

५ मार्च
शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. टॅब बघितला. उन्हात, नेट बंद करून दाखवला. म्हणाल्या, मुख्याध्यापकांशी बोलते. हो म्हणाल्या नाहीत.
ईशूनं त्यांच्यासमोर एकच दाबलं: "बसा." सिद्धीच्या आवाजात. बाई बसल्या.

९ मार्च
रविवारसारखा रविवार. मी मेथी निवडत होते. ईशू समोर येऊन बसली, पट्टा गळ्यात. बोट ठेवलं, थांबली, टॅब बोलला. मग दुसरं. मग तिसरं. तिनं एवढे शब्द एका ओळीत कधी लावले नव्हते.
"मी. बोलणार. कधी."
मेथी हातातच.
मी म्हटलं, बोलतेस की आता. तिनं मान हलवली, नाही. गळ्यावर हात ठेवला. परत तेच तीन शब्द.
डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. विचारायला शब्दच नव्हते तिच्याकडं. मला वाटत होतं तिला माहीत नाही, म्हणून बरं आहे. आणि मी रानोमाळ टॅब शोधत हिंडले ते ह्यासाठी.
खरं सांगितलं. म्हटलं, मला माहीत नाही ईशू. डॉक्टरांना पण माहीत नाही. कदाचित थोडं येईल. कदाचित नाही. मला खरंच माहीत नाही.
रडेल वाटलं. रडली नाही. एक चौकोन दाबला, जो मी कधी बघितला नव्हता. "बरं."
उठून बाहेर गेली. हे अंगणात गाडी धुताहेत. मी हे लिहितेय ते दाराशी बसूनच.
पाण्याचा आवाज आत्ता बंद झाला. तिचं ऐकू येतंय. "मी. बोलणार. कधी."
हे गाडीमागं उभे आहेत, पाईप हातात. टॅब बोलला तरी निघून गेले नाहीत, तिथंच आहेत.
परत दाबलं तिनं.