लंबक वर, अर्धं बोट

मंगळवार, चौदा तारीख
सकाळी, कामावर निघण्याआधी

प्रिय दादा,

नमस्कार. माझी तब्येत ठीक आहे, गुडघा सोडला तर. तुझीही ठीक असेल, रक्तदाब सोडला तर. तो परवापासून वाढलाय असं वहिनी फोनवर म्हणाली. गोळ्या वेळेवर घे. पत्र बघून दचकला असशील. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "बरं बरं" म्हणून ठेवून देतोस. कागदाला तसं मध्येच ठेवून देता येत नाही.

आधी आनंदाची बातमी. तुझी भिंगरी पिनबॉलच्या फायनलला पोचली. तुला तिने सांगितलंच असेल, पण कशी पोचली ते तिने सांगितलं नसेल, कारण पोरगी स्वतःची फुशारकी मारत नाही. हा गुण तिने कुठून उचलला कोण जाणे. सेमीफायनलला समोर बेकरीवाला होता, गेल्या वर्षीचा विजेता. शेवटचा बॉल शिल्लक आणि ही बरीच मागे. तर पठ्ठीने तो एकच बॉल अकरा मिनिटं खेळवला. बॉल उडवणाऱ्या त्या दोन दांड्यांच्या, दोन्ही फ्लिपरच्या, मधून बॉल खाली घरंगळणार असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा तिने तळहाताने मशीनला असा हलका धक्का दिला की बॉल वळून परत फ्लिपरवर आला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या हातात पान्हा होता, आणि तो धक्का माझा होता. मी तिला कधीच शिकवला नाही, दादा. रक्तातूनच आला असणार.

रविवारी अकरा वाजता फायनल. समोर दातांची डॉक्टरीण आहे. थंड बाई, पण हात चांगला. करंडक तुझ्या हस्ते द्यायचं ठरलंय, ते पत्र क्लबकडून तुला मिळालंच असेल. तू आमचा सर्वांत जुना विजेता. "शांत हात" म्हणून अजूनही नवी पोरं तुझं नाव घेतात.

क्लबचं बरं चाललंय. टायरच्या दुकानामागचं गोडाऊन, चौदा मशिनं, एक पंखा. वर्षभर तिथे चार टाळकी असतात. पण स्पर्धा जाहीर झाली की बघ, कुठूनकुठून माणसं उगवतात. निवृत्त हेडमास्तर येतात, औषधवाला दुकान बंद ठेवून येतो. कुणी माळ्यावर पडलेलं मशीन पुसून आणतं, मग त्याचे वाळलेले रबर बदला, जळलेल्या तारा सांधा, आणि ते परत खणखणायला लागतं. बाबा म्हणायचे ते खरं आहे, नुसतं खेळणाऱ्याला मशीन आवडतं, स्पर्धेत खेळणाऱ्याला मशीन कळतं. स्पर्धा नसती तर हा सगळा छंद केव्हाच भंगारवाल्याने किलोवर नेला असता.

आता तुझ्या निरोपांबद्दल. तीन आले. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ कर.

रविवारी संध्याकाळी तू लिहिलंस की जहाजाचं चित्र असलेलं आपलं जुनं मशीन लगेच परत पाठव, त्याचा मागचा पाय कमजोर आहे. दादा, मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करते. माणसं माझ्या भरवशावर सातव्या मजल्यावर जातात. पाय मला कळतो. पाय ठणठणीत आहे.

सोमवारी सकाळी लिहिलंस की फायनलसाठी तू दुसरं, नवं कोरं मशीन स्वखर्चाने पाठवतोस. केवढं मोठं मन! पण फायनल जहाजावरच व्हावी असा भिंगरीचा हट्ट आहे. "आत्या, याच मशीनवर बाबा जिंकले होते ना, मग मीही याच्यावरच खेळणार." तू परगावी होतास, वहिनीने हो म्हटलं, आणि टेंपो करून ती ते घेऊन आली. तू परतलास तेव्हा दिवाणखान्यातली जागा रिकामी बघून तुझं काय झालं असेल, त्याची मी कल्पना करू शकते. खरं सांगायचं तर तीन दिवस तेवढीच कल्पना करतेय.

आणि काल दुपारी तिसरा निरोप. "निदान किल्ली तरी पाठव, मी स्वतः येऊन आतून तपासतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

हो दादा, मी ते उघडलंय. गेल्या बुधवारीच.

आता पुढचं सविस्तर लिहिते. तुला नवीन नाही, पण पत्र वहिनीच्या हाती पडलं तर तिलाही कळायला हवं. मशीनच्या पोटात, पुढच्या दारामागे डाव्या हाताला, एक बारीक सळई लोंबते. तिच्यावर वजन असतं, आणि भोवती धातूची कडी. हाच लंबक. मशीनला जास्त जोराने हलवलं की वजन कडीला टेकतं, दिवे जातात, फ्लिपर मरतात आणि बॉल गेला. टिल्ट. वजन खाली असेल तर मशीन थोडं सोसतं. वजन वर सरकवलं की अंतर कमी होतं आणि मग मशीन शिंकेलासुद्धा घाबरतं. हे खेळणाऱ्याला बाहेरून दिसत नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्यालाच ठाऊक.

त्या वर्षी किल्ल्यांचा जुडगा तुझ्या कमरेला होता.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. बाबांच्या खेळघरातली पहिली मोठी स्पर्धा, आणि फायनलला दोघं सख्खी भावंडं. बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की जिंकेल त्याच्या हातात खेळघर. मी सकाळपासून एकही बॉल वाया घालवला नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतर आपण जहाजावर उभे राहिलो आणि माझ्या पहिल्याच हलक्या धक्क्याला मशीन मेलं. दुसऱ्या बॉललाही तेच. तिसऱ्याला मी घाबरून जेमतेम बोटं टेकवली, तरी तेच. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "अहो, ती मशीन खेळतेय की दळण दळतेय?" तुझ्या पाळीला तू मशीनला धक्काच दिला नाहीस. नुसती बटणं दाबलीस. काय तो संयम, म्हणाले सगळे. तिथून तू "शांत हात" झालास.

रात्री ताटावर बसलो तेव्हा बाबा मला म्हणाले, "तुझा हात जड आहे गं." तू भात कालवत होतास. एकदा मान वर करून बघितलं नाहीस.

मी त्यांचं खरं मानलं, हे माझ्या सर्वांत जास्त जिव्हारी लागतं. तुझ्यावर संशय घेतला असता तर निदान भांडले असते. मी स्वतःच्या हातावर संशय घेतला. पंधरा वर्षं फ्लिपरचं बटण दाबलं नाही. चार वर्षांपूर्वी क्लबवाल्यांना दुरुस्तीला कुणी मिळेना म्हणून पान्हा घेऊन आले, आणि अजूनही तपासणीपुरता बॉल सोडते, धक्का देत नाही. लिफ्टच्या कामावर साधा स्क्रू आवळतानासुद्धा मनात येतं, जड हात आहे, जपून.

बुधवारी मी दार उघडलं. मशीनच्या मागे बाबांनी चिकटवलेली किल्ली तशीच होती. आत डाव्या फळीवर बाबांच्या शिस्तीप्रमाणे पेन्सिलीच्या ओळी. मशीन उघडलं की लिहायचं. तारीख, काय केलं, आणि खूण. बाबांचा गोल, तुझी फुली, माझं टिंब. आठवतं, एकदा तू फ्यूज बदलून लिहिलं नाहीस, तर बाबांनी तुला अख्खं मशीन सुटं करून परत जोडायला लावलं होतं? तू रडत रडत जोडलंस. त्यानंतर तुझी एक ओळ चुकली नाही.

तीही चुकवली नाहीस. शेवटून दुसरी ओळ: फायनलची तारीख, "लंबक वर, अर्धं बोट", फुली. तिच्याखाली तीच तारीख, "लंबक खाली, पूर्ववत", फुली.

मी दिवा धरून पाच-सहा वेळा वाचलं. मग जमिनीवर बसले आणि हसले. एवढा मोठा डाव, आणि सवयीने त्याची नोंद करून सही ठोकलीस! आपल्या घरातल्या माणसाशिवाय असला चोर जगात सापडणार नाही. त्याच आठवड्यात तू ते मशीन "निवृत्त" करून घरी नेलंस. मला वाटलं, अभिमानाने नेलंस. बरं, नेलंस तर नेलंस, एकोणीस वर्षं ते तुझ्या सोफ्याशेजारी उभं होतं. एक खोडरबर पुरला असता. विसरलास, की बाबांच्या फळीवरचं खोडायला हात धजावला नाही? हे मला खरोखर कळलेलं नाही.

हसून झाल्यावर मात्र डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. खेळघराचं मी सोडून दिलं असतं. लोकांचं हसणंही गिळलं असतं. पण दवाखान्यातली ती दुपार मी तुला सोडणार नाही. बाबांचे शेवटचे दिवस. मी पायाशी, तू उशाशी. बाबा मला म्हणाले, "पोरी, त्या दिवशी जरा धीर धरला असतास तर दोघांना मिळून चालवायला दिलं असतं." तू तेव्हा पेल्यात पाणी ओतत होतास. एक वाक्य बोलायचं होतं, दादा. ऐकणारा चार दिवसांनी जाणारच होता, तुझं काय वाकडं होणार होतं? तू त्यांना पाणी पाजलंस, तोंड पुसलंस आणि मला म्हणालास, "त्यांना बोलायला लावू नकोस." बाबा मला उतावळी समजून गेले. ते आता कुणालाही दुरुस्त करता येणार नाही, मलाही नाही.

आता माझं. मी नाकाने कांदे सोलत नाही, म्हणून हेही लिहिते. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

शनिवारी गोडाऊनमध्ये मी एकटी होते. जहाज पुन्हा उघडलं. भिंगरीचा खेळ धक्क्याचा, डॉक्टरीण बटणांवर खेळणारी. मी स्क्रू सैल केला आणि वजन वर सरकवलं. अर्धं बोट. म्हटलं, बघू दे याला, लोक आपल्या लेकीला कसे हसतात ते. बघू दे, कसं वाटतं. वड्याचं तेल वांग्यावर, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी केलं. दार लावलं, कुलूप घातलं, गाडीपर्यंत गेलेसुद्धा. मग परत आले आणि वजन खाली घेतलं.

आणि दोन्ही वेळा लिहिलं. तारीख, "लंबक वर, अर्धं बोट", टिंब. "लंबक खाली, पूर्ववत", टिंब. हाताला वळणच तसं लागलंय. तुझ्या दोन ओळींखाली आता माझ्या दोन ओळी आहेत. खोडणार मीही नाही.

आमच्या क्लबात एक नियम आहे, तो तू कधी येत नाहीस म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका भांडणानंतर मीच तो करून घेतला, तेव्हा तुझा विचारही मनात नव्हता. फायनलआधी मेकॅनिकने दोन्ही खेळाडूंसमोर मशीनचं दार उघडायचं, दिवा धरायचा, आणि त्यांनी वाकून लंबक आपल्या डोळ्यांनी बघायचा. डाव्या फळीच्या अगदी शेजारी. भिंगरीला आजोबांची शिस्त ठाऊक आहे, खुणाही ठाऊक आहेत. आणि तुझं अक्षर ती पहिलीपासून ओळखते.

ती मला विचारेल याची मला भीती वाटते. ती पोर मला आवडते, दादा, जगात बाकी कुणापेक्षा जास्त. माझं टिंब बघितल्यावर ती पुन्हा "आत्या" म्हणून गळ्यात पडेल की नाही, मला माहीत नाही. ते माझ्या कर्माने. पण म्हणून दार बंद ठेवीन, असं समजू नकोस. तिचा लोभ राखायलासुद्धा मी तुला वाचवणार नाही, इतका माझा राग आहे.

बिछान्याला खिळलेल्या माणसाची करावी तशी मी तुझी कीव करायला हवी, असं वहिनी म्हणेल. रक्तदाबाचा विषय काढेल. काढू दे.

तुझ्यापाशी पाच दिवस आहेत. तिला समोर बसवून तू स्वतः सांगितलंस, तर रविवारी ती वाकेल तेव्हा नवीन काही वाचणार नाही, आणि शांत डोक्याने खेळेल. नाही सांगितलंस, तर भर गोडाऊनमध्ये, तू करंडकाशेजारी हार घालून उभा असताना, ती वाचेल. मी एक शब्द बोलणार नाही. आजारपणाचं निमित्त करून घरी राहू नकोस असं मुळीच म्हणत नाही. पण तू नसलास तरी दार अकरालाच उघडेल.

माझ्या दोन ओळींचा जाब मी तिला देईन. तुझ्या दोन ओळींचा तू दे. वहिनीला नमस्कार सांग. तिची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे.

तुझी सख्खी बहीण