माझी कात्री घरी आली

केडगाव, खंडेनवमी, १९७१

अपघाताची रजा संपली, म्हणून आज कारखान्यात गेले. बटणांच्या प्रेसखाली अंगठा चिरडल्यापासून पहिल्यांदाच. शिवणखात्यात पूजेची गडबड होती. माझ्या मशीनला हळदकुंकू आधीच लावलेलं! शेजारच्या मशीनवरची शांता म्हणाली, "बाई, म्याच लावलं. त्या नव्या पोरीला हात न्हाई लावू दिला."

म्हणजे माझ्या जागी मुलगी आलीसुद्धा.

मास्तरांनी पूजेतली माझी कात्री उचलून हातात दिली. अंगठ्याच्या कडीत झेंडूचं फूल तसंच होतं. "ही तुमची स्वतःची ना? घेऊन जा. आता घरीच आराम करा, बाई."

आराम? यांची दृष्टी गेल्यापासून घर माझ्याच हातांवर चाललंय.

शिवण शिकून कॉन्व्हेंट सोडताना सिस्टरनी दिली होती ही कात्री. किती हलका चालायचा तेव्हा हात!

यांनी पिशवी चाचपून विचारलं, "कात्री का आणलीस गं?" "यंदा घरी पुजायची," म्हटलं. खरं सांगवलं नाही.

देवापाशी ठेवलीय. आज हत्यार वापरायचं नसतं, तेवढंच बरं. उद्या मात्र अंगठा कडीत जातो का, बघावंच लागेल. आणि नाही गेला तर? देवा, आजचा दिवस एवढ्यात संपू नये.