पायरीवरून पडली

नेरूळ, ४ जानेवारी १९९७

ती. गिरजाआत्यांस,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

बाजरीचं पीठ पोचलं. भाकऱ्या अजून नकाशासारख्याच होतात, तेव्हा हसू नका. थंडी इथे नावापुरतीच आहे.

एक वाईट बातमी आहे. माझं नाक पुन्हा वाकडं झालं. लग्नाआधी वाशीत डॉ. शौकत यांच्याकडे ऑपरेशन करून सरळ करून घेतलं होतं ना, ते हाड आतून सरकलं. डॉक्टरांनी नीट बसवलंच नव्हतं म्हणे. पहिल्यासारखंच उजवीकडे कललंय, आणि त्या नाकपुडीतून श्वास येत नाही. मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. दुसरं ऑपरेशन करावं लागेल, बरगडीचा तुकडा काढून नाकात बसवावा लागेल, असं ते म्हणाले. लगेच करून टाकू, असा ह्यांचा आग्रह आहे. मला भीती वाटते. आई गेल्यापासून माझं सगळं तुम्हीच ठरवलंत, हेही तुम्हीच सांगा. करू की नको?

कृष्णातदादाला यातलं काही कळवू नका. त्याचं डोकं तुम्हाला माहीत आहे.

माया आहे तशी राहू द्यावी.
तुमची,
उत्कर्षा

—

तारळे, जि. सातारा, १३ जानेवारी १९९७

चि. सौ. उत्कर्षा हिस,
गिरजाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातला चहा कपासकट अंगणात भिरकावला. कप फुटला, त्याचं दुःख नाही. एवढ्या लांबलचक डिग्र्या पाटीवर लावतात आणि एक नाक धड बसवता येत नाही? असल्या माणसाची बोटं ठेचायला पाहिजेत. तीस वर्षं शाळेत काढली मी. शिक्षा झाल्याशिवाय कुणाचं गणित सुधारलेलं पाहिलं नाही.

तू नको म्हणालीस, तरी कृष्णातला मी कालच कार्ड टाकलं. सख्खा भाऊ घणसोलीत राहतो, मार्केटात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतो, आणि बहिणीच्या नाकाची खबर त्याला नको? जाऊन जाब विचार, असं लिहिलंय. बोटांचंही लिहिलंय. दुसऱ्या ऑपरेशनचं त्यानंतर बघू. पहिल्याने आधी उत्तर द्यावं.

उद्या संक्रांत. सोबत तिळगूळ आहे. घ्या आणि गोड बोला म्हणतात, ते मला कधी जमलं नाही.

तुझी काळजी करणारी,
गिरजाआत्या

—

घणसोली गाव, २१ जानेवारी १९९७

ती. आत्यास,
कृष्णातचा दंडवत.

कार्ड मिळालं. गाळ्यावरचं काम टाकून आम्ही पाच जण गेलो. देवजी, हौसेराव आणि टोळीतले आणखी दोघं. पोती ओढायचे आकडे कमरेलाच होते. देवजीने आत शिरतानाच काचेचं दार फोडलं. पेशंट पळाले. डॉक्टर उठून म्हणाला की बसा, तुमच्या बहिणीची फाईल दाखवतो. त्याने फोटो टेबलावर मांडले. म्हणाला, नाक मी सरळ करून दिलं होतं, नंतर त्याच्यावर मार बसलाय, बहिणीला विचारा. आमच्या घराला नावं ठेवतो म्हणून माझं टाळकं फिरलं. मानगूट धरून त्याचं कपाळ टेबलावर आपटलं. कपाळाचं रक्त त्याच्या डोळ्यांत आलं तरी फाईल सोडेना. मग त्याचा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि खणावर लाथ मारली. दोन वेळा. तुम्ही बोटांचं लिहिलं होतं, तसं केलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

कंपाउंडर बाई पाया पडली तेव्हा थांबलो. पोलीस येतील तर येऊ देत, टोळी पाठीशी आहे. एकच सांगायचं राहिलं. तो ओरडला नाही. बहिणीला विचार, बहिणीला विचार, एवढंच म्हणत होता. ते कानातून जात नाही. घरी बाळाबाई जेवायला वाढते पण माझ्याशी बोलत नाही.

आशीर्वाद असावा.
आपला,
कृष्णात

—

नेरूळ, २७ जानेवारी १९९७

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाला पोलिसांनी नेलं. डॉक्टरांची तीन बोटं मोडलीत. कळवू नका म्हटलं होतं ना मी तुम्हाला, आत्या? एकदा तरी माझं ऐकायचं होतं.

ह्यांनी मार्ग काढलाय. डॉक्टरने माझं नाक बिघडवलं, त्या रागात भावाचा तोल गेला, असं मी लिहून द्यायचं. म्हणजे दादाची शिक्षा कमी होईल. वकील द्यायचंही ह्यांनीच कबूल केलंय. आणि दहा फेब्रुवारीला मुंबईत माझं ऑपरेशन. एकदा नाक सरळ झालं की कुणी काही विचारायचंच नाही, असं हे म्हणतात. कागद टाईप करून आणलाय, फक्त माझी सही राहिली आहे. दादा सुटणार असेल तर करावी, असं मनात येतं.

तुमचं उत्तर येईपर्यंत कसंतरी थांबवते. दोन दिवस डावा कान वाजतोय, त्यामुळे लक्ष लागत नाही. अक्षर वाकडं आलंय, रागावू नका.

दूर लोटू नये, एवढीच विनंती.
तुमची,
उत्कर्षा

—

तारळे, १ फेब्रुवारी १९९७

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

सही करू नकोस.

कृष्णातचं पत्र आलं त्या दिवशी मी तुझा भाऊबिजेचा फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. नाक सुतासारखं सरळ आहे. दीड वर्ष जागेवर राहिलेलं हाड आपोआप सरकत नाही. आणि सरकून नेमकं पहिल्यासारखं उजवीकडेच? समोरून उजव्या हाताने मारलं की नाक त्या बाजूला जातं. हे मला कुणा डॉक्टरने सांगायला नको. पहिल्यांदा ते मीच मोडलं होतं.

सात वर्षांची होतीस. तेराच्या पाढ्यात अडलीस. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझ्या हातात फळा पुसायचा लाकडी डस्टर होता. तुझा फ्रॉक रक्ताने भिजला आणि दहा वर्षांचा कृष्णात दारात उभा राहून बघत होता. तुम्हा दोघांना समोर बसवून मी सांगितलं, कुणी विचारलं तर पायरीवरून पडली म्हणायचं. वैद्याला, शाळेत, तुमच्या बापाला तुम्ही तेच सांगितलंत. स्थळं वाकड्या नाकाचं विचारायची, तेव्हाही मी तेच सांगत राहिले. तू पाढा विसरलीस, पायरी विसरली नाहीस.

नवऱ्याचा, इंद्रजितचा मार तू डॉक्टरच्या नावावर घातलास. हे खोटं बोलायला तू माझ्याच हाताखाली शिकलीस, आणि कृष्णात खणावर लाथ मारायलाही. त्याने केलं ते त्याला भोगू दे. बोटं ठेचायचं कार्ड माझं होतं, हे मी स्वतः पोलिसांना येऊन सांगेन.

ऑपरेशन कर, नाहीतर करू नकोस, नाक तुझं आहे. पण इंद्रजितचा हात झाकायला करू नकोस. पत्र मिळताच बाळाबाईकडे जा. मी येत्या दहा तारखेला, सोमवारी, पोचते. मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, म्हणून म्हणत नाही.

गिरजाआत्या

—

घणसोली गाव, ६ फेब्रुवारी १९९७

ती. आत्यांस,
उत्कर्षाचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. मी तो कागद फाडला. इंद्रजितने तुकडे पाहिले, माझे केस धरले आणि डोकं ओट्यावर आदळलं. दुसऱ्यांदा आदळायच्या आत मी कुकर उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला आणि अनवाणी जिना उतरले. सोसायटीची माणसं दारात आली होती. कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. पायरीवरून पडले असं तोंडात आलं होतं. नवऱ्याने मारलं, असं म्हटलं.

नाकाचंही तसंच. नाताळात त्याने तीन वेळा बेल वाजवली आणि मी आंघोळीला होते. दार उघडल्यावर त्याने फोनचा रिसीव्हर उचलून तोंडावर मारला. बाळाबाईवहिनीला मी हे सांगत होते तेव्हा तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली की मला वाटलंच होतं.

दादाला भेटले. डॉक्टर खरं बोलत होता का, एवढंच त्याने विचारलं. हो म्हटल्यावर त्याने गजांवर कपाळ आपटायला सुरुवात केली. शिपायांनी धरून आत नेलं.

काल डॉ. शौकतांकडे गेले. त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे, कपाळावर टाके आहेत. मी पाया पडायला वाकले तर ते मागे सरले. सगळं सांगितलं. दादावरची तक्रार मागे घेणार नाही म्हणाले. घेऊ नका म्हटलं. मुंबईचं ऑपरेशन मी रद्द केलंय. साक्ष होईपर्यंत नाक असंच ठेवणार, कारण कोर्टात दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे. श्वास लागतो, पण चालेल. पुढे करायचं ठरवलं तर तुम्हीच कराल का, असं त्यांना विचारलं. बोटं वळली तर करीन, म्हणाले. वळतील की नाही ते त्यांनाही माहीत नाही.

मग त्यांनी डाव्या हाताने माझी फाईल पुढे सरकवली. तिच्यावर त्यांच्या रक्ताचा डाग आहे. पोलिसांना हवंय म्हणून नव्या दुखापतीचं कारण मला माझ्या हाताने लिहायचं होतं. ते लिहिलं. त्याच्या वर माझंच दीड वर्षापूर्वीचं अक्षर होतं. जुनी दुखापत, कारण पायरीवरून पडले. ती ओळ मी खोडली आणि पुढची जागा कोरी ठेवली. सोमवारी साताऱ्याकडून एक बाई येतील, त्यांचं अक्षर फार सुंदर आहे, त्या भरतील, असं डॉक्टरांना सांगून आले.

वाशीला एस.टी.वर घ्यायला येईन. तुमच्यावरची माया कमी होत नाही, आत्या. झाली असती तर बरं झालं असतं.

तुमचीच,
उत्कर्षा