शेपटीला जाळं अडकलेला गादा

वर्सोवा, १४ नोव्हेंबर १९८६

आज गादा, म्हणजे पोरांच्या पुस्तकातला डॉल्फिन, होडीला इतका चिकटून पोहत होता की त्याच्या श्वासाचे तुषार तोंडावर उडाले. तो जवळ आला की आम्ही हात जोडतो. मीही जोडले. मग दिसलं, शेपटीला जाळ्याचा तुकडा करकचून आवळलेला. सुरी कमरेलाच होती. काढेपर्यंत तो खाली गेला. दर्शन द्यायला आला होता, की मदत मागायला? जेवण गेलं नाही. ती शेपटीच दिसते.

धाकट्या भावाला म्हटलं, "उद्या जाळं नको. नुसते जाऊन त्याला शोधू."

"दादा, गादा काय पत्ता देऊन गेलाय तुला?"

"डिझेल भर."

बडबडत कॅन घेऊन गेला. देवा, त्या गाद्याला उद्यापर्यंत श्वासासाठी वर येता येऊ दे.