सॅन अँटोनिओचा गुप्त बेत

११ ऑक्टोबर २००८, शनिवार
ठरलं. मेक्सिकन लोकांचा पितरांचा सण यंदा सॅन अँटोनिओला बघायचा. गेल्या वर्षी संजय लॉस एंजेलिसला जाऊन आला आणि मराठी मंडळात दोन तास फोटो दाखवले. शिकागोतही हा सण असतो, पण आमच्या नेपरव्हिलहून ट्रेनने जाता येतं तिथले फोटो कोण बघणार? सुलेखाला इतक्यात सांगायचं नाही. तिला सांगितलं की संजयच्या रत्नाला कळतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
सुलेखाने सहज विचारलं, आप्पांना अळूवडी आवडायची की कोथिंबीरवडी? आप्पा जूनमध्ये गेले, सासऱ्यांच्या आवडीची चौकशी आत्ता. म्हटलं, आठवत नाही. आठवतं. पण हेतू कळल्याशिवाय माहिती द्यायची नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
हॉलमधला आप्पांचा फोटो गायब. म्हणे फ्रेम बदलायला दिला. फ्रेमला काय धाड भरली होती? समोरच्या मेक्सिकन रोझाबाई आणि सुलेखा गॅरेजपाशी कुजबुजत होत्या, मी गेलो की गप्प. अनिकाला विचारलं, तर "नथिंग, बाबा." या मुलीचं नथिंग म्हणजे बरंच काही असतं.
रात्री भारतातून प्रतापदादाचा फोन. दादा पुन्हा म्हणाला, दहाव्याला कावळा लगेच शिवला, तू मनाला लावून घेऊ नकोस. लगेच? आप्पांच्या पिंडाला? मला बरं वाटावं म्हणून सांगतो, असा दाट संशय.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सुलेखा म्हणते, दोन तारखेला, ऐन सणाच्या दिवशी, घरीच राहा. उघड आहे, संजयने शिकागोचा बेत केलाय आणि ही फितूर झाली. मी सॅन अँटोनिओची तीन तिकिटं दाखवली. म्हणाली, आम्हाला नाही जमणार, तूही जाऊ नकोस. मी जाणार. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२ नोव्हेंबर, रविवार. सॅन अँटोनिओ
गर्दी छान. झेंडूच झेंडू. घरोघरची माणसं आपापल्या मृतांचे फोटो मांडून, त्यांच्या आवडीचं वाढून बसलेली. एका आजीबाईंनी विचारलं, तुमचं कोण, फोटो कुठाय? माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्सचा तेवढा होता.
मग अनिकाचा फोन. रोझाबाईंच्या गॅरेजमध्ये त्यांच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी आप्पा मांडलेत. झेंडू, चहा, अडकित्ता. संजय-रत्नाही आलेत. "बाबा, एव्हरीवन इज हिअर."
सुलेखाने फोन घेतला. म्हणाली, "व्हिसामुळे तुला दहाव्याला जाता आलं नाही ना, म्हणून केलं. आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि वडी कुठली ते तू सांगितलंच नाहीस, म्हणून दोन्ही केल्या."
म्हटलं, अळूवडी. पुढे ठेव.
तिला माझा आवाज वेगळा वाटला. नेटवर्क. टेक्ससमध्ये नेटवर्कची बोंबच आहे.