सहा चाळीसचा चहा

४ डिसेंबर, सोमवार

शिरानुमाच्या ऑफिसात आज पहिला दिवस. परवा इथे पोहोचले, आणि स्टेशनबाहेर पाय ठेवताच मी सपशेल बर्फात आपटले. मला घ्यायला आलेल्या सासामोरीसान हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की इथला बर्फ नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी लोटांगण घालून घेतो, एकदा घातलंत, आता त्रास नाही. बाई मला तिथेच आवडल्या. पन्नाशीच्या आहेत, आवाज शाळेच्या घंटेसारखा.

ऑफिस बियाण्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. माणसं तीन: विभागप्रमुख ओइकावासान, फोनवर सासामोरीसान आणि प्रोग्राम सांभाळायला मी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आम्ही विजेची किटली देतो. सकाळी त्यांनी चहासाठी दांडा दाबून पाणी ओतलं की किटली आपोआप ऑफिसला कळवते आणि आमच्या पडद्यावर त्या घराचा ठिपका हिरवा होतो. दहापर्यंत हिरवा झाला नाही की लाल, मग घंटा, मग सासामोरीसानांचा फोन, आणि फोन उचलला नाही तर वस्तीतला स्वयंसेवक दारात. अशी दोनशे बारा घरं.

दोनशे तेरावं माझ्या आईचं. खरं तर त्यासाठीच सेंदाईची नोकरी सोडून इथे आले. आई घाटापलीकडे ओत्सुनाईत असते, वय एकोणऐंशी. उरलेली तिन्ही घरं हिवाळ्यात मुलांकडे शहरात जातात. ही जात नाही, कारण धुरावर टांगलेले मुळे कोण बघणार? फोन उचलत नाही. तिच्या मते फोन वाजतो तो कुणीतरी गेल्याचं सांगायलाच. काल तिच्या स्वयंपाकघरात किटली बसवली. आज ते बघायला आम्ही पहाटेच ऑफिस उघडलं; ६.५० ला ठिपका हिरवा झाला आणि मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. ओइकावासान दचकले.

११ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर किरकोळ दुखणी. प्रोग्राम मधूनच गोठायचा, तेव्हा सासामोरीसान कॉम्प्युटरला चापट मारायच्या. कारण साधंच होतं: पडदा रंगवायचं आणि दोनशे घरांची वाट बघायचं काम एकाच हाताकडे दिलेलं. एकाने भात ढवळावा आणि दारही उघडावं, तसं. कामं वेगळी केली, गोठणं थांबलं. एका कॉम्प्युटरचं घड्याळ नऊ तास मागे होतं; त्याच्या लेखी आम्ही लंडनमध्ये राहत होतो. सासामोरीसान म्हणाल्या की तरीच तो कधी वेळेवर काम करत नाही.

अशी कामं मला मनापासून आवडतात. बिघाडाला कारण असतं, कारण सापडतं, माणूस घरी जाऊन सुखाने जेवतो.

२२ डिसेंबर, शुक्रवार

कोपऱ्यातल्या रिकाम्या कपाटाचं गुपित आज कळलं. ते माफीच्या मिठाईचं कपाट. पूर्वी खोटी घंटा वाजली की ओइकावासान आणि आधीचे प्रोग्रामर होनमासान कागदात गुंडाळलेला खोका घेऊन जायचे. म्हाताऱ्यांपुढे वाकायचं, धावत आलेल्या स्वयंसेवकापुढे वाकायचं, अग्निशमनवाल्यांपुढे वाकायचं. तीन वर्षांपूर्वी बर्फाने तारा तुटल्या आणि एका दिवसात एकतीस ठिपके लाल झाले. एकतीसही जण ठणठणीत. एक मुलगी टोकियोहून शोकाचे काळे कपडे बॅगेत घालून आली, तर आई टीव्ही बघत बसलेली. चार दिवस दोघे दारोदार वाकत फिरले.

त्यानंतर होनमासानांनी प्रोग्रामात काहीतरी दुरुस्ती केली, आणि तेव्हापासून एकही खोटी घंटा नाही. ओइकावासान हे सांगताना कपाटावरून हात फिरवत होते.

९ जानेवारी, मंगळवार

काल मी प्रोग्रामच्या नोंदी उघडल्या. तीन वर्षांत एकही एरर नाही. ज्याला तीन वर्षांत एकदाही ठेच लागली नाही तो चालतच नसतो.

टेबलावरच्या चाचणीच्या किटलीची तार मी उपटून ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठिपका हिरवा. मग होनमासानांची दुरुस्ती शोधली. चार ओळी होत्या. घराकडून निरोप आला नाही, किंवा काहीही एरर आला, तर तो गिळायचा आणि कालचंच उत्तर आज दाखवायचं. काल हिरवा, तर आज हिरवा, तर उद्या हिरवा. वेळ मात्र कुठेच दाखवलेली नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर त्या चार ओळी काढून बघितलं. निरोप नसेल तर ठिपका राखाडी होईल आणि निरोपाची वेळ शेजारी दिसेल असं केलं. सात घरं राखाडी झाली. मी आधी दोनशे तेरा बघितला. हिरवा, ६.२२. खरंच आलेला. तोंडावर हात ठेवून थोडी रडले.

१२ जानेवारी, शुक्रवार

ओइकावासान वाईट नाहीत, पण त्यांना दिसतात ते सात खोके. म्हणाले, "तोगाशीसान, तुमचं बरोबर असेल हो. पण सात दारांत उभं राहून काय सांगायचं, आमच्या कॉम्प्युटरला तुम्ही मेल्याचा संशय आला?" रीतसर अर्ज करा, म्हणाले. अर्जावर पाच शिक्के लागतात आणि दोन शिक्केवाले दुसऱ्या गावात बसतात. शिवाय एक अट: राखाडी ठिपक्याने पूर्ण चोवीस तास घंटा वाजवायची नाही, न जाणो तारच तुटलेली असेल.

मी मान्य केलं. नवी आहे, आल्या आल्या कुठे तंडायचं, म्हणून. आईचा ठिपका खरा आहे, म्हणूनही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. चोवीसचा आकडा मीच टाकला.

२० जानेवारी, शनिवार

काल शिक्के पूर्ण झाले, नवा प्रोग्राम बसला. आज सासामोरीसान आणि मी सातही घरी गेलो.

चौघं जिवंत. तारा तुटलेल्या. एका आजींनी आम्हाला फैलावर घेतलं, मग सूप पाजलं, मग परत फैलावर घेतलं.

तिघं नव्हती. होशिकावासान किटलीजवळच्या उशीवर बसलेले, भिंतीला टेकून, वर्षअखेरीपासून. किटली कोरडी, थंड. तिसऱ्या घरातल्या बाईंनी कॅलेंडरवर रोजचा दिवस खोडलेला होता, सोळा तारखेपर्यंत.

सोळा. मला नऊपासून माहीत होतं.

२३ जानेवारी, मंगळवार

तिन्ही किटल्या परत आल्या. माझ्यामागच्या फळीवर ठेवल्यात, तारा गुंडाळून.

आज सकाळी ६.४० ला त्या तिन्ही घरांचे ठिपके हिरवे झाले.

घाबरण्याआधी शोधायचं, हा माझा नियम. जुनी साठवण पुसली. जुना प्रोग्राम कुठे चालू राहिला का, पाहिलं. नाही. कुणी तेच निरोप पुन्हा पाठवतंय म्हणावं, तर प्रत्येक निरोपाला किटली पुढचा आकडा लावते, आणि हे आकडे नवे होते. प्रत्येकाच्या शेवटच्या निरोपाच्या पुढचे. म्हणजे पाणी ओतलं गेलं.

२५ जानेवारी, गुरुवार

६.४०. तिन्ही. काल तर ती घरं मी यादीतूनच काढली होती. नाव नसलेल्या तीन ओळी आपसूक तयार झाल्या.

आज सर्व्हरची बाहेरची तार उपटून बसले. सगळे थांबले. हे तिघं आले.

ओइकावासानांना दाखवलं. ते म्हणाले की हिरवा आहे ना, मग हिरव्याबद्दल कशाला बोलायचं.

२९ जानेवारी, सोमवार

नाकादातेबाई, घर क्रमांक ८८. काल दिवसभर राखाडी. चोवीस तास भरले नव्हते, म्हणून घंटा नाही. आज सकाळी हिरवा. ओइकावासान खूश: बघा, काल माणूस धाडला असता तर आज खोका न्यावा लागला असता.

मी वेळ बघितली. ६.४०.

सासामोरीसानांना म्हटलं, चला. त्यांनी लगेच कोट घातला. बाई अंगणात होत्या. हातात बर्फ ओढायचं फावडं, अंगावर हातभर बर्फ. डॉक्टर म्हणाले, काल सकाळीच.

होशिकावासान आठवडेच्या आठवडे राखाडी राहिले होते. आता एकच दिवस राखाडी. दुसऱ्या दिवशी ६.४०.

३१ जानेवारी, बुधवार

होनमासानांना फोन केला. आता ते गावाबाहेर अळंबी पिकवतात. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं की पडद्यावर वेळ दाखवलीत का. हो म्हटलं. मग म्हणाले की वेळ मी मुद्दामच ठेवली नव्हती. सगळेच हिरवे असले की त्यांतले ते कोणते, हे कुणाला बघावं लागत नाही. उपाय काय, विचारलं. म्हणाले, "पोरी, माझ्याकडे असता तर मी एरर गिळला असता का?"

फोन ठेवला.

४ फेब्रुवारी, रविवार

घाट उघडा होता. आईकडे गेले. माझ्याबरोबर चल म्हणून पाया पडले. खरं कारण सांगितलं नाही. काय सांगणार? ती म्हणाली की मुळे उतरले की वसंतात येईन, आणि एवढी मोठी बाई रडते कसली. मग माझ्यासाठी चहा करायला उठली. किटलीचा दांडा दाबल्याचा आवाज झाला आणि मी उठून अंगणात गेले.

तिला उचलून गाडीत घालायला हवं होतं. जेमतेम चाळीस किलोची आहे. मी मुळ्याची पिशवी घेऊन परत आले.

५ फेब्रुवारी

आई ६.१२. परवा ५.५८ होता, त्याआधी ७.०३. कधी वेळ पाळत नाही माझी बाई. अशीच राहा.

६.४० ला चौघं.

दुपारपासून बर्फ.

६ फेब्रुवारी

७.१५ — आई राखाडी.

८.३० — राखाडी. उशिरा उठली असेल.

९.४० — घाट बंद. कडा कोसळायची भीती. ओत्सुनाईचे स्वयंसेवक मुलाकडे, सेंदाईत. बाकीची घरं रिकामी.

१०.०५ — घंटा वाजली नाही. वाजणारच नाही, उद्यापर्यंत. माझेच चोवीस तास. मी हाताने लाल केला. अग्निशमनवाले म्हणाले, उद्या नऊला यंत्र रस्ता उघडेल, त्याआधी माणूस पाठवला तर तोही जाईल. मी ओरडले. ते माफी मागत राहिले.

११.०० — चालत निघाले होते. नाक्यावरून पोलिसांनी परत आणून सोडलं.

दुपार — फोन वाजतो आणि नुसता वाजतो. ती कधी उचलतच नाही. त्यावरून काही ठरत नाही. काही ठरत नाही.

तार तुटली असेल. त्या चौघांची तुटलीच होती. सूपवाल्या आजींची —

तार तुटली असेल तर उद्याही राखाडीच राहील.

७ फेब्रुवारी

६.०५ — राखाडी. ओइकावासान लवकर आलेत. कपाटासमोर उभे.

६.२० — राखाडी. सासामोरीसान शेजारी बसल्यात, माझा डावा हात धरून. उजव्याने लिहितेय. काहीतरी करत राहिलं पाहिजे.

६.३१ — पडदा बंद करा म्हणाल्या. नाही.

६.३६ — राखाडी. जन्मभर एरर मारत आले. हा एक राहू दे. तार तुटलेली राहू दे, किटली जळालेली असू दे, तिने ती रागाने बाहेर फेकलेली असू दे, काहीही —

६.३९ — राखाडी. राखाडी. अजून —

६.४० — एक. दोन, तीन. नाकादातेबाई. चार. चारच. चारच आहेत. सासामोरीसान, चारच! आई नाही त्यांत, आई ना

आई, दांडा सोड, नको ओतू